व्हेनीटाचा 'डार्क स्टार': एकतीस मिनिटांचा जॅम आणि शेवटची उडी

जॅम बँडच्या, म्हणजे स्टेजवर आयत्या वेळी सुचेल तसं गाणं लांबवत नेणाऱ्या बँडच्या, लाइव्ह वाजवण्यावर लिहायला बसलं की पहिली अडचण हीच येते की चूक कशाला म्हणायची ते ठरलेलं नसतं. बांधीव गाणं असेल तर सूर हलला, ठेका सुटला, शब्द विसरला असं बोट ठेवता येतं, पण जे आधी ठरलंच नव्हतं ते चुकलं असं कुठल्या तोंडाने म्हणणार? मग लोक काय करतात, निम्मे म्हणतात "काय वाजवलंय राव, वेड लागलं" आणि उरलेले म्हणतात "अर्धा तास नुसतं ट्यूनिंग चाललंय". दोघांनीही ऐकलेलं नसतं असं माझं मत आहे. म्हणून एकच प्रकरण घेऊन सोलून बघू, आणि मुद्दाम असं घेऊ ज्याच्यावरून चाहत्यांमध्ये अजून जुंपते. ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडने (थोडक्यात 'डेड') २७ ऑगस्ट १९७२ ला ओरेगनमधल्या व्हेनीटाला वाजवलेला 'डार्क स्टार'. साधारण एकतीस मिनिटं चालतो आणि मग कसलाही समारोप न करता सरळ 'एल पासो' नावाच्या काउबॉय गाण्यात जाऊन उतरतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो म्हणजे शेवटपर्यंत ताटकळायला नको. या एकतीस मिनिटांत जो भाग सगळ्यात मोकाट वाटतो तो सगळ्यात सवयीचा आहे, आणि जिथे बँड एकदम बांधीव गाण्यात शिरला तिथेच त्या संध्याकाळचा सगळ्यात धीट आयत्या वेळचा निर्णय झाला.

प्रसंग काय होता

युजीन शहराच्या बाजूला स्प्रिंगफील्ड क्रीमरी नावाची एक छोटी डेअरी (अजूनही आहे, त्यांचं नॅन्सीज नावाचं दही तिकडे चांगलंच चालतं). ती चालवायचे चक कीसी आणि त्याची बायको सू. चक म्हणजे लेखक केन कीसीचा भाऊ. डेअरी पैशाच्या अडचणीत आली तेव्हा चकने डेडला गाठलं, आमच्यासाठी एक कार्यक्रम करा म्हणाला. ओळख जुनी होती, १९६५-६६ मध्ये केन कीसीच्या ॲसिड टेस्ट नावाच्या पार्ट्यांमध्ये हेच लोक वाजवायचे, त्यामुळे नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. जागा व्हेनीटाजवळचं जत्रेचं मैदान, वार रविवार, पारा शंभर फॅरनहाइटच्या वर म्हणजे आपल्या हिशेबाने अडतीसच्या पुढे, माणसं वीस हजारांच्या आसपास आणि पिण्याच्या पाण्याची मारामार. स्टेजवर गिटारी सुरात राहीनात. धातूची तार तापली की सैल पडते आणि सूर खाली सरकतो, वरून लाकडी मानही उन्हात हलते, त्यामुळे दिवसभर वाजवणारे सारखे खुंट्या पिळत होते. त्या दिवशी तीन सेट झाले. 'डार्क स्टार'ने तिसरा सेट उघडला, तेव्हा दिवस कलायला लागला होता.

हे सगळं सांगायचं कारण असं की या परफॉर्मन्सची अर्धी कीर्ती ही उन्हाची आणि किश्श्यांची आहे. स्टेजच्या मागे खांबावर चढून नाचणारा तो नागडा माणूस तर या कार्यक्रमाचा बिल्लाच झालाय. शिवाय सगळ्याचं शूटिंग झालं होतं, ती फिल्म कित्येक वर्षं कॉपीच्या कॉपीच्या कॉपीतून हातोहात फिरत राहिली आणि शेवटी २०१३ मध्ये 'सनशाइन डेड्रीम' या नावाने अधिकृत बाहेर आली, सोबत नीट मिक्स केलेलं ऑडिओही आलं. फिल्ममध्ये 'डार्क स्टार'च्या जोडीला ॲनिमेशन टाकलंय. चित्रं छान आहेत, पण तिथे एक लोचा होतो, आता भारी वाटायचंय हे तुम्हाला कानाआधी डोळे सांगतात. त्यामुळे ज्याला या जॅमबद्दल काही बोलायचंय त्याने निदान पहिल्यांदा तरी स्क्रीन बंद करून फक्त ऑडिओ ऐकावा. निम्मी मतं तिथेच बदलतात.

लांबीचंही तसंच. "एकतीस मिनिटं!" असं डोळे मोठे करून सांगतात लोक. अरे त्याच वर्षी ११ मे ला रॉटरडॅमला यांनी हेच गाणं अठ्ठेचाळीस मिनिटांच्या आसपास ओढलंय. मिनिटं मोजूनच ठरवायचं असेल तर व्हेनीटाचं नावही घ्यायला नको.

गाणं आणि वाजवणारे

१९६८ मध्ये 'डार्क स्टार' सिंगल म्हणून आलं तेव्हा तीन मिनिटांच्या आत संपायचं. ते ऐकून यातून पुढे काय होणार आहे याचा कुणाला पत्ता लागणं शक्य नव्हतं. मग २७ फेब्रुवारी १९६९ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर वेस्टमध्ये वाजवलेलं तेवीस मिनिटांचं रूप 'लाइव्ह/डेड' या अल्बमवर आलं आणि तिथून हे गाणं म्हणजे डेडचं खेळायचं मैदान होऊन बसलं. सगळं मिळून दोनशेच्या वर वेळा वाजवलंय त्यांनी.

ढाचा अगदी थोडका आहे. सुरुवातीला बेस आणि गिटारची एक छोटी ओळख, तिच्यामागे ए वर टेकलेला, ए आणि ई मायनर या दोन कॉर्डमध्ये हलणारा झोका. बँडचा लीड गिटारवाला आणि गायक गार्सिया अधूनमधून थीमची ओळ वाजवून आपण कुठल्या गाण्यात आहोत याची आठवण करून देतो. मग मनात येईल तेव्हा गीतकार रॉबर्ट हंटरने लिहिलेलं पहिलं कडवं, कडव्याच्या शेवटी धृपदासारख्या ओळी आणि परत मोकळं रान. दुसरं कडवं आलं तर आलं. स्वर म्हणाल तर ए मिक्सोलिडियन, म्हणजे ए ला सा धरलं तर आपले खमाज थाटाचेच सात स्वर, नी कोमल आणि बाकी सगळे शुद्ध. हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

यावर कुणीतरी हमखास म्हणतंच की म्हणजे हा त्यांचा रागच झाला की. नाही हो. रागाला चलन असतं, कुठे थांबायचं कुठून वळायचं याची शिस्त असते, आणि मुख्य म्हणजे कोण गातोय आणि कोण साथ करतोय हे आधीच ठरलेलं असतं. इथे सात स्वर ही नुसती जमीन आहे आणि गवई-साथीदार अशी वाटणीच नाही, आत्ता जो मागे होता तो पुढच्या मिनिटाला पुढे येऊन बाकीच्यांना ओढून नेतो. डेड आणि आपलं संगीत हा धागा खरा आहे, पण तो वेगळीकडून येतो, ड्रमर मिकी हार्ट उस्ताद अल्लारखांकडे शिकला आणि पुढे झाकीर हुसेनबरोबर त्याने दिगा रिदम बँडही केला. गंमत अशी की व्हेनीटाला हार्ट नव्हताच. १९७१ च्या फेब्रुवारीत तो बँड सोडून गेला तो १९७४ मध्येच परत आला.

आणि हार्ट नसणं ही या रेकॉर्डिंगमधली फार मोठी गोष्ट आहे. १९६९ च्या फिलमोर वेस्टच्या वेळी स्टेजवर सात जण होते, त्यात दोन ड्रमर आणि ऑर्गन. सात जणांना एकदम वळवायचं म्हणजे वेळ लागतो. व्हेनीटाच्या 'डार्क स्टार'मध्ये वाजवणारे पाचच, जेरी गार्सिया लीड गिटार, बॉब वियर रिदम गिटार, फिल लेश बेस, बिल क्रॉइट्झमन एकटा ड्रम्सवर आणि १९७१ च्या ऑक्टोबरपासून बँडमध्ये आलेला कीथ गॉडशॉ पियानोवर. बँडचा ऑर्गनवाला आणि गायक पिगपेन आजारी होता, त्याचा शेवटचा कार्यक्रम जूनमध्येच होऊन गेला होता. ड्रमर एकटा असला की त्याला दुसऱ्याची वाट बघायला लागत नाही, मनात आलं की ठेका सोडला, मनात आलं की धरला. १९७२ चा डेड एवढा चपळ का वाटतो याचं निम्मं उत्तर तिथे आहे.

उरलेलं निम्मं लेश आणि वियरकडे. लेश तरुणपणी मिल्स कॉलेजमध्ये लुचियानो बेरिओच्या हाताखाली आधुनिक संगीतरचना शिकलेला माणूस, बेस गिटार त्याने हातात घेतली ती डेडमध्ये आल्यावर, त्यामुळे बेसवाल्याने खाली बसून मूळ सूर धरायचा ही सवय त्याला लागलीच नाही. वियर तर उघड सांगायचा की आपण रिदम शिकलो ती जॅझ सॅक्सोफोनवाल्या जॉन कोल्ट्रेनच्या पियानोवाल्याचा, मॅकॉय टायनरचा डावा हात ऐकून. म्हणजे रिदम गिटारवाला पियानोसारखा विचार करणार, बेसवाला लीडसारखा आणि लीडवाल्याला या दोघांच्या मधून वाट काढायची.

कडव्याच्या आधी

पहिलं कडवं यायला दहा मिनिटांच्या वर लागतात आणि माझ्या मते या रेकॉर्डिंगचं सोनं इथेच आहे. नवख्या माणसाला नेमका हाच भाग "अजून सुरू झालं नाही" असा वाटतो. ताल ठाशीव नाही, क्रॉइट्झमन सिंबलवर हलक्या हाताने नुसता प्रवाह ठेवतो, ठाम ठोका देतच नाही, आणि लेश समेवर यायचंच टाळतो. तुम्ही मनात एक-दोन-तीन-चार मोजत बसलात तर एकवर कुणीतरी पाय आपटेल अशी वाट बघत राहता आणि कुणी आपटत नाही. पण ताल हरवलेला नसतो. पाचही जणांना तो पक्का माहीत आहे, म्हणूनच तर कुणाला तो दाखवायची गरज पडत नाही.

इथे ऐकायची एक सोपी युक्ती आहे. तेच दोन मिनिटं घ्या आणि एका वेळी एकाच वाद्यावर कान ठेवा. आधी गार्सिया. हातात ॲलिगेटर नावाची त्याची स्ट्रॅटोकास्टर, आवाज स्वच्छ, काचेसारखा, आणि वाक्यं तोकडी, पाच-सात स्वर वाजवले की थांबतो. आता तेच परत लावा आणि फक्त वियर ऐका. गार्सिया थांबला त्या फटीत वियरच्या दोन-तीन स्वरांच्या तुकड्या-तुकड्याच्या कॉर्ड येतात, कधी त्याच्या वाक्याला दुजोरा देणाऱ्या, कधी जरा तिरक्या, म्हणजे "हे झालं, पण असं केलं तर?" अशा. तिसऱ्यांदा लेश. गार्सियाने एखादा स्वर लांब धरला की लेश खालून जमीन सरकवतो, त्यामुळे वरचा स्वर जागेवरच राहतो पण त्याचा अर्थ बदलतो, मघाशी घरी पोचल्यासारखा वाटणारा सूर आता अधांतरी लटकल्यासारखा वाटायला लागतो. मग गार्सियाला तिथून काहीतरी करणं भाग पडतं. असं पुन्हा पुन्हा होतं आणि दर वेळी उत्तर निराळं येतं.

जॅमची समीक्षा करायची ती इथे, असं मला वाटतं. कुणी किती भारी वाजवलं याला माझ्या लेखी फार किंमत नाही, कुणी काय पुढे केलं आणि ते कुणी उचललं, कुणी जाऊ दिलं, हे बघायचं. न उचललेल्या गोष्टीसुद्धा ऐकायच्या असतात. गार्सिया थीमच्या ओळीकडे झुकतो, वाटतं की आता कडवं आलं, आणि बाकीचे चौघं त्याला धरत नाहीत, मग तोही ती ओळ अर्धवट सोडून परत निघून जातो. साध्या रॉक बँडमध्ये हे झालं असतं तर त्याला गोंधळ म्हटलं असतं. इथे तो संयम आहे, कारण अजून सांगण्यासारखं शिल्लक आहे हे चौघांना कळतंय आणि पाचव्याला ते मान्य आहे.

कीथबद्दल मात्र माझी तक्रार आहे. त्याचा पियानो सुरेल आहे, नेमका आहे, कान तर भयंकर तिखट, पण तो गार्सियाच्या मागे सावलीसारखा चालतो. गार्सिया वर गेला की हा वर, गार्सिया थांबला की हाही थांबला. बाकी चौघांत जो "असं केलं तर?" वाला खट्याळपणा आहे तो त्याच्याकडून फार कमी येतो. साथ म्हणून दहापैकी नऊ, पाचवा खेळाडू म्हणून सहा.

फिश या बँडच्या चाहत्यांनी जॅमचे दोन प्रकार पाडलेत, टाइप वन म्हणजे गाण्याच्या ढाच्यातच राहून खुलवणं आणि टाइप टू म्हणजे ढाचा सोडून भलतीकडे जाणं. आणि त्यांच्या बोलण्यात टाइप टू म्हणजे आपोआप वरचा दर्जा असं धरलेलं असतं. व्हेनीटाचा पहिला भाग हा तांत्रिकदृष्ट्या टाइप वनच की, स्वर तेच, झोका तोच, आणि तरी मला तो पुढच्या सगळ्या उड्यांपेक्षा धाडसी वाटतो. भलतीकडे जाणं म्हणजेच धाडस हे समीकरण मला कधी पटलेलं नाही.

कडव्याच्या नंतर

कडव्याबद्दल फार बोलण्यासारखं काही नाही. गार्सियाचा आवाज मुळातच बारीक, तो हळुवार गातो, सगळे त्याच्याभोवती नीट गोळा होतात, झालं.

नंतर मात्र ताल विरघळतो. एका टप्प्यावर गिटारी मागे सरतात आणि लेश आणि क्रॉइट्झमन दोघंच पुढे उरतात. हा तुकडा चांगला आहे, दोघं एकमेकांना चिमटे काढत जातात. पण त्याच्या आजूबाजूला बराच वेळ असा जातो की कुणीच काही पुढे करत नाही. ही शांतता आधीच्या मोकळ्या जागांपेक्षा वेगळी आहे, आधी प्रत्येक जण दुसऱ्याला जागा देत होता, आता प्रत्येक जण दुसऱ्याची वाट बघतोय. कानाला हा फरक कळायला वेळ लागतो पण एकदा कळला की विसरता येत नाही. जागा देताना माणूस ऐकत असतो, आणि वाट बघणारा नुसता थांबलेला असतो. बाकीचे चौघं इथे गार्सियाने काहीतरी सुरू करावं म्हणून खोळंबल्यासारखे वाटतात, आणि दिवसभराचं ऊन, आधीचे दोन सेट हे सगळं धरलं तरी रेकॉर्डिंगवर ती मिनिटं ढिली आहेत ती आहेतच. ऊन होतं म्हणून मार्क वाढवून मिळत नाहीत, आणि "ते अवकाशात गेले होते" म्हणून तर अजिबातच नाही.

मग येतो तो धिंगाणा ज्याच्यासाठी हे रेकॉर्डिंग मुख्यतः ओळखलं जातं. गार्सिया वाह-वाह पेडल (पायाने दाबून गिटारचा आवाज वाकवायचं यंत्र) दाबून स्वरांचा असा चाळा सुरू करतो की शेवटी स्वर उरतच नाहीत, नुसती गुरगुर उरते (चाहते याला टायगर म्हणतात आणि ते नाव शोभतं), लेश खालून गडगडाट करतो, ड्रम्स सगळीकडून कोसळतात. पहिल्यांदा ऐकताना अंगावर येतं हे मान्य. पण आता १९७२ सालचे आणखी चार-पाच 'डार्क स्टार' लावून बघा, एप्रिल-मे मधल्या युरोप दौऱ्यातले घ्या हवं तर. तिथेही हेच, हाच चढ, हेच पेडल, हीच गुरगुर, मग हाच ओसर. म्हणजे ज्या गाण्यात काहीच ठरलेलं नाही त्या गाण्यात हा एक भाग तेवढा ठरून गेला होता. कुणी बसून ठरवला नसेल, पण रोज वाजवता वाजवता ठरला, सवय अशीच ठरते. लोकांना तो सगळ्यात मुक्त वाटतो कारण तो सगळ्यात कर्कश आहे. कर्कशपणाला मोकळेपणा समजायची ही चूक जॅमच्या समीक्षेत इतकी पसरलीये की विचारू नका, आवाज वाढला, सूर मोडला की लगेच "काय हिंमत आहे" सुरू.

धिंगाण्याला विरोध नाही माझा. व्हेनीटाचा टायगर दणदणीत आहे. मी इतकंच म्हणतोय की शोध म्हणून मोजायचा झाला तर त्याला पहिल्या दहा मिनिटांच्या खाली ठेवावं लागेल.

एल पासो

आता ती उडी. धिंगाणा ओसरतो, सगळं हवेत तरंगत असतं, आणि वियर 'एल पासो' सुरू करतो. मार्टी रॉबिन्सचं १९५९ चं गाणं, १९६० च्या सुरुवातीला अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं, सरळसोट गोष्ट सांगणारं. काउबॉय मुलीच्या प्रेमात पडतो, मत्सरापोटी एकाला गोळी घालतो, पळून जातो, तिच्या ओढीने परत येतो आणि मारला जातो. कडव्यामागून कडवं, शब्द ठरलेले, ताल तीनचा, वाल्ट्झ. यात आलाप घ्यायला जागाच नाही.

विरोधकांचं म्हणणं साधं आहे, अर्धा तास एवढं विश्व उभं केलं आणि त्यावर हा घोडेवाल्याचा पोवाडा? ध्यान मोडलं, वियरला कधी कळतच नाही, वगैरे. बचाव करणारे म्हणतात विनोद आहे हा, डेडचा स्वभावच असा. मला दोन्ही बाजू वरवरच्या वाटतात, कारण जोड नेमका कसा बसलाय ते कुणी बघत नाही.

तो असा. 'डार्क स्टार' ए वर उभं आहे, खमाजच्या स्वरांत: ए, बी, सी शार्प, डी, ई, एफ शार्प, जी. डेड 'एल पासो' वाजवतात ते डी मेजरमध्ये: डी, ई, एफ शार्प, जी, ए, बी, सी शार्प. मोजून बघा, सातही स्वर तेच आहेत. फक्त सा सरकला, मघाशी जो मध्यम होता तो आता षड्ज झाला आणि खमाजचा बिलावल झाला. ज्याला मूर्च्छना माहीत आहे त्याला हे वेगळं समजवायला नको, एकही नवीन स्वर न आणता नुसतं घर बदललं. धिंगाण्यात घर असं काही उरलंच नव्हतं, त्यामुळे वियरला जुनं घर पाडायलाही लागलं नाही, त्याने त्याच विटांनी शेजारी नवीन बांधलं. चारच्या झोक्यातून तीनच्या वाल्ट्झमध्ये जाणंही त्यामुळेच जमलं, आधी ताल विरघळलेला होता, म्हणून ठेका बदलल्याचा धक्का बसत नाही, ठेका परत आल्याचा बसतो.

आणि बाकीचे चौघं ते किती चटकन उचलतात ते ऐका. कुणी अडखळत नाही, कुणी "अरे थांब" म्हणून 'डार्क स्टार'ला चिकटून राहत नाही. मघाशी जे एकमेकांची वाट बघत होते तेच आता झटक्यात एका जागी. पुढे करणं आणि उचलणं हाच माझा निकष असेल तर कडव्यानंतरच्या सगळ्या भागात ही सर्वात स्वच्छ देवाणघेवाण आहे. यावर उलट मुद्दा येऊ शकतो की गार्सिया आणि वियर तसंही आळीपाळीने गायचे, पाळी वियरची होती, त्यात कसलं धाडस. बरोबर आहे, पाळी त्याचीच होती. पण पाळी असली म्हणजे आधीचं गाणं संपवून, टाळ्या घेऊन, खुंट्या पिळून पुढचं सुरू करता येतं, आणि त्या दिवशीच्या उन्हात तेच जास्त सोयीचं होतं. त्याने ते केलं नाही.

काउबॉय गाणं 'डार्क स्टार'च्या पोटात घालायचा प्रकार त्यांनी आधीही केला होता. २४ एप्रिल १९७२ ला ड्युसेलडॉर्फला 'डार्क स्टार'मधून 'मी अँड माय अंकल' मध्ये गेले आणि ते संपवून परत 'डार्क स्टार'मध्ये आले (२००४ मध्ये 'रॉकिन द ऱ्हाइन' नावाने ते प्रसिद्ध झालंय). ही दोन रेकॉर्डिंग पाठोपाठ ऐकली की व्हेनीटाचं खरं वैगुण्य सापडतं. ड्युसेलडॉर्फला काउबॉय हा मधला मुक्काम होता, बाहेर जाऊन आल्यावर 'डार्क स्टार' वेगळा ऐकू येतो, मघाचेच स्वर पण आता त्यांच्या अंगावर धूळ बसलेली. व्हेनीटाला परत येणं नाही. 'एल पासो'मधला माणूस जीव जाणार हे माहीत असून परत येतो, आणि हे लोक मात्र फिरकत नाहीत, 'एल पासो' संपवतात आणि मर्ल हॅगर्डचं 'सिंग मी बॅक होम' धरतात, फाशीकडे नेल्या जाणाऱ्या कैद्याचं संथ गाणं. म्हणजे एका मरणातून दुसऱ्या मरणाकडे. सेटचा क्रम म्हणून हे जबरदस्त आहे, आणि जे लोक 'एल पासो' आलं की ऑडिओ बंद करतात त्यांना हे कळूच शकत नाही.

पण 'डार्क स्टार' या गाण्याचा हिशेब मांडायचा तर तो अर्धवट राहिलाच. दुसरं कडवं गायलंच नाही. त्या काळात ते बहुतेक वेळा गाळतच असत, त्यामुळे व्हेनीटाला काही वेगळं घडलं असं नाही, तरी नुकसान व्हायचं ते झालंच. फिलमोर वेस्टच्या १९६९ च्या रूपात दुसरं कडवं येतं तेव्हा मधल्या सगळ्या भटकंतीला मागे वळून अर्थ लागतो, सुरुवातीची थीम ऐकताना जे सुटलं होतं ते तेव्हा ऐकू येतं. व्हेनीटाला पहिल्या दहा मिनिटांत थीमकडे झुकून परत फिरायचा जो खेळ इतक्या नजाकतीने मांडला होता, त्याचं पुढे काहीच केलं नाही. 'एल पासो'नंतर, 'सिंग मी बॅक होम'च्या आधी, चार मिनिटं परत येऊन ते कडवं गाता आलं असतं. गायला हवं होतं.